वाचिकाचे तीन गुण

धरणेंद्र मगदूम सर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी डिग्रजमधली चाळिशी उलटलेली माणसंही त्यांच्यासमोर 'न्हाई' म्हणताना अडखळत. ट्रॅक्टरवरून जाताना सर दिसले की माणूस आधी मनात वाक्य जुळवायचा आणि मग म्हणायचा, "नमस्कार सर, बरे आहात ना?" सर हसून मान हलवत. त्यांनी छत्तीस वर्षं मराठी शिकवली होती. त्यातली निम्मी 'हाय'चं 'आहे' आणि 'पानी'चं 'पाणी' करण्यात गेली होती आणि याचा त्यांना अभिमान होता. भाषा सुधारली की माणूस सुधारतो, असं ते पोरांना सांगत आलेले.

नाटकाचंही त्यांना वेड. शाळेची नाटकं तेच बसवायचे. सांगलीतलं एक हौशी नाट्यमंडळ दर भाद्रपदात एकांकिका स्पर्धा भरवायचं, तिथं म्हणूनच ते पंधरा वर्षं परीक्षक होते. स्पर्धेची नियमावलीही त्यांच्याच अक्षरात लिहिलेली. मंडळाचा चिटणीस अमृत हा त्यांचा जुना विद्यार्थी. पन्नाशीला आला होता, पण सरांचा फोन आला की बसल्या जागी सावरून बसायचा.

त्या वर्षी तीन दिवसांत अकरा एकांकिका होत्या. सांगलीच्या कॉलेजांच्या, इस्लामपूरची, रहिमतपूरची, आणि शेवटच्या दिवशी वडूजकडची एक. शेवटच्या दिवशी सरांबरोबर राजमतीबाईही आल्या. मुलगा-सून बंगळूरला, घरात दोघंच. "मी बी येतो की आज," असं त्या सकाळी म्हणाल्या, आणि सर स्कूटर काढता काढता म्हणाले, "चल. पण मध्यंतरात लोक भेटायला येतात, तू आपली जाग्यावरच बस."

राजमतीबाई जाग्यावर बसणाऱ्यातल्याच होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या फार बोलायच्या. आमच्या भागातल्या बायका 'मी करतो, मी जातो' असंच म्हणतात, तशाच त्याही. पहिल्याच वर्षी हेडमास्तर घरी आले होते, तेव्हा त्या दारातून म्हणाल्या, "बसा की, च्या टाकतो." हेडमास्तर मोठ्यानं हसले. ते गेल्यावर सर रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "पाहुण्यांसमोर जरा जपून बोलत जा." तेव्हापासून राजमतीबाई चहा ठेवायच्या आणि आत जायच्या. पुढं पुढं सर म्हणू लागले, आमची मंडळी अबोल आहे. लोकांनाही ते खरं वाटायचं.

वडूजच्या एकांकिकेचं नाव होतं 'ऊस कुणी मोडला?' राणी हाके नावाच्या मुलीनं लिहिलेली. ती तिथल्या एका वाचनालयात काम करायची. काम करणाऱ्या सगळ्या बायकाच, धनगरवस्तीवरच्या. रंगमंचावर पाच घोंगड्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर पाच बायका डोक्याला पटके बांधून पंच म्हणून बसल्या होत्या. आरोपी होती मेंढरं राखणारी एक म्हातारी. ते काम राणीच्या चुलतीनं, रंगुबाईनं केलं. वय साठीच्या आसपास. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. सगळे संवाद तिनं राणीच्या तोंडून ऐकून पाठ केले होते.

बागायतदाराचा ऊस रात्रीत मोडलाय आणि शेजारच्या माळावर हिची मेंढरं आहेत. बस्स, एवढ्यावर पंचांनी ठरवून टाकलंय. म्हातारी सांगत राहते.

"न्हाई जी, माजी मेंढरं तवा पान्यावर हुती."

सरांनी गुणपत्रिकेच्या कडेला पेन्सिलीनं एक खूण केली. 'पान्यावर'. मग दुसरी, 'हुती'. ती सवयच होती त्यांची. टेबलावरच्या छोट्या दिव्याखाली मान घालून ते खुणा करत राहिले. म्हातारीचा आवाज चढत नव्हता. शेजारणीशी बोलावं तशी ती पंचांशी बोलत होती, मध्येच थांबत होती, आणि ती थांबली की साडेतीनशे माणसांचा हॉल तिच्याबरोबर थांबत होता. पाचांपैकी एका पंचाला खरं माहीत आहे, त्यानं गवारेडे उसात शिरताना पाहिलेत, हे प्रेक्षकांना कळत होतं. तो बोलेल म्हणून सगळे वाट पाहत होते. तो बोलला नाही. म्हातारीला हद्दपार केलं.

शेवटी तिनं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "जाते मी. पर जायच्या आदी एकडाव माज्याकडं बगा तरी."

सर खुणा मोजत होते. एकतीस.

निकालाला तिघं बसले. सर, साताऱ्याच्या नटी प्रियदर्शनी, आणि पुण्याचे एक दिग्दर्शक, ज्यांना गाडी गाठायची होती. स्त्री अभिनयाचं पहिलं बक्षीस कुणाला, हाच प्रश्न उरला होता. सांगलीच्या कॉलेजची प्राची चांगली होती. स्वच्छ वाणी, नेमके हातवारे. प्रियदर्शनींनी सरांच्या कागदावर नजर टाकली आणि त्या थबकल्या.

"सर, रंगुबाईंना वाचिकाला तीन? दहापैकी तीन?"

"वाचिक म्हणजे बोलण्याचा अभिनय," सर शांतपणे म्हणाले. "बोलणं शुद्ध नको?"

"अहो, ती मेंढपाळणीचं काम करतेय."

"करतेय कुठं? ती आहेच तशी. त्यात अभिनय कुठला आला?"

"सर, तुमच्या शेजारी बसून मी रडत होते. ज्या बाईनं जन्मात स्टेज पाहिलं नाही ती कुठं थांबायचं हे मला शिकवून गेली. याला अभिनय नाही म्हणायचं तर मग मी वीस वर्षं काय करतेय?"

"रडू येणं हा निकष नाही, प्रियदर्शनीबाई. नियमावली वाचा."

पुण्याच्या परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. बेरजा झाल्या. प्राची दोन गुणांनी पुढं. रंगुबाईला उत्तेजनार्थ. सरांनी शेऱ्याच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं, 'भाषा अशुद्ध', आणि सही केली. प्रियदर्शनींनी सगळ्यात शेवटी केली. बक्षीस समारंभ दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी अकराला होता.

घरी येताना राजमतीबाई स्कूटरवर काहीच बोलल्या नाहीत. त्याचं सरांना विशेष वाटलं नाही.

सकाळी सहाला त्या नेहमीप्रमाणे हंड्यावर फडकं बांधून पाणी गाळत होत्या. सर ओट्याशी उभे राहून चहा घेत होते. पाणी ओतता ओतताच राजमतीबाईंनी विचारलं, "त्या धनगराच्या बाईला पयला नंबर दिलासा न्हवं?"

निकाल फोडायचा नसतो. पण राजमतीबाई कुणाला सांगणार? "नाही. उत्तेजनार्थ."

कळशी तशीच तिरकी राहिली. "का वं?"

"बोलणं अशुद्ध. एकतीस चुका."

"पर ती तर आमच्यावानीच बोलत हुती."

"तेच तर सांगतोय."

राजमतीबाईंनी कळशी खाली ठेवली. फडकं सोडलं, पिळलं, दोरीवर पसरलं. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "म्हंजी मी बी नापासच की. चाळीस वरसं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सरांना उत्तर देता आलं असतं. त्या पुन्हा कामाला लागल्या आणि सर कप हातात धरून उभे राहिले. हे घर कधीपासून इतकं शांत आहे, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. शेजारच्या चंदनाकडं राजमतीबाई तास तास बोलतात, खळखळून हसतात, ते भिंतीपलीकडून त्यांना ऐकू यायचं. तो आवाज या घरातला कधीच नव्हता.

नऊ वाजता ते सांगलीला गेले. राजमतीबाईंना म्हणाले, "तूही चल." त्यांनी नको म्हटलं. सर म्हणाले, "चल गं. आज तू हवीस."

अमृत हॉलवर हार, शाली, सन्मानचिन्हं मांडत होता. सरांनी त्याला बाजूला घेतलं. "माझे गुण मला बदलायचे आहेत. रंगुबाईंचे."

अमृतचा चेहरा उतरला. "सर, निकाल छापून झाला. प्रमाणपत्रं तयार हायत… आहेत."

"चुकीचा निकाल आहे."

"बेरीज चुकली का?"

"बेरीज बरोबर आहे. मी चुकलो."

अमृतनं हातातली शाल खाली ठेवली. "सर, सही झालेल्या निकालाला हात लावायचा नाही, हा नियम तुमीच घातलाय. एकदा ते कॉलेजवाले भांडायला आले होते तेव्हा तुमी काय म्हणाला होता? परीक्षकाचं मन दुसऱ्या दिवशी बदलायला लागलं तर स्पर्धा बंद करा. आता मी काय करू? प्राचीला तिच्या घरचे सगळे घेऊन आलेत. ती आज्जीबरोबर पुढं बसलीय."

सरांनी पुढं पाहिलं. प्राची बसली होती. नवी साडी, केसात गजरा. शेजारी तिची आजी तिचा पदर सारखा करत होती.

"ती वडूजची बाई आलीय का?"

"न्हाई. म्हणजे नाही. राणी एकटीच आलीय. रंगुबाई काल रात्रीच गेल्या, मेंढरं हायत म्हणून."

सर खुर्चीवर बसले. हात मांडीवर ठेवून. अमृतला त्यांचं हे बसणं ठाऊक नव्हतं. सर वर्गात कधी बसत नसत.

परीक्षकांच्या वतीनं दोन शब्द सरच बोलायचे. दरवर्षी ते पाच मिनिटांत उच्चारांच्या चुका सांगत आणि लोक हसत. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा काही पोरं आधीच हसायच्या तयारीत होती. राजमतीबाई तिसऱ्या रांगेत भिंतीकडेला बसल्या होत्या. प्रियदर्शनी मंचावर होत्या, सरांकडं न पाहता.

"स्त्री अभिनयाचा निकाल जाहीर होईल," सरांनी सुरुवात केली, "त्याआधी मला एक सांगायचं आहे. त्या निकालात प्राचीची काही चूक नाही. तिला दिलेले गुण तिचे आहेत. पण दुसऱ्या एका नावापुढचे माझे गुण खोटे आहेत. रंगुबाई हाके यांना मी वाचिक अभिनयाला तीन दिले. शेरा लिहिला, भाषा अशुद्ध."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. अमृत विंगेत उभा होता, त्यानं डोळे मिटून घेतले.

"मी त्यांच्या चुका मोजत होतो. एकतीस मोजल्या. पण नाटक पाहिलं नाही. त्या बाई चांगलं काम करतात की नाही, हे त्यांनी तोंड उघडायच्या आत माझं ठरलेलं होतं. नाटकात ते पाच पंच बसले होते ना, तसा मी सहावा खाली बसलो होतो. माझ्या हातात तर पेन्सिलही होती."

कुणीतरी हसलं, आणि एकटंच हसलोय हे कळून गप्प झालं.

"मी डिग्रजचा. आमच्या घरात सगळे हाय-न्हाईच म्हणायचे. मी सांगलीत कॉलेजला आलो तेव्हा पहिल्या तासाला उभा राहून 'सर, मला दिसत न्हाई' म्हणालो आणि सगळा वर्ग हसला. त्या दिवशी मी ठरवलं की पुन्हा कुणी हसणार नाही. मी शिकलो. ते ठीक होतं. शिकण्यात काही वाईट नाही, मी तुम्हालाही शिकवलं. पण पुढं मी त्या हसणाऱ्या पोरांच्या बाकावर जाऊन बसलो, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही." ते थांबले. पाण्याचा ग्लास त्यांनी उचलला आणि न पिताच ठेवला. "लोकांना वाटतं माझी बायको अबोल आहे. ती अबोल नाही. लग्न झालं तेव्हा चिमणीसारखी बोलायची. तिला मी गप्प केलं. मारून नाही, रागावून नाही. फक्त दुरुस्त करून."

राजमतीबाईंनी पदर तोंडावर ओढला. शेजारची बाई त्यांच्याकडं वळून पाहू लागली, तशी त्यांनी मान भिंतीकडं फिरवली.

"निकाल बदलता येत नाही, नियम माझाच आहे. पण माझे गुण धरू नका असं मी मंडळाला लेखी देतोय, आणि यापुढं मी परीक्षक म्हणून बसणार नाही. रंगुबाई इथं नाहीत." सरांनी राणीकडं पाहिलं. "त्यांना कुणीतरी सांगा. माजं चुकलं."

टाळ्या पडल्या नाहीत. प्राचीच्या कॉलेजचे प्राध्यापक उठून उभे राहिले आणि चढ्या आवाजात म्हणाले, "मग आमच्या मुलीनं बक्षीस घ्यायचं का नाही? तिचा अपमान नाही हा?" सर म्हणाले, "आहे. त्याचाही दोषी मीच." प्राची मान खाली घालून बसली होती. मंडळाचे लोक आत जाऊन अर्धा तास बसले. प्रियदर्शनींनी सांगून पाहिलं की मगदूम सरांचे गुण वगळले तर रंगुबाई पाच गुणांनी पुढं आहेत. पण मंडळानं निकाल तसाच ठेवला. एकदा दार उघडलं की दरवर्षी भांडणं होतील, असं त्यांचं म्हणणं. तेही अगदी खोटं नव्हतं. प्राचीनं बक्षीस घेतलं तेव्हा तिचे डोळे लाल होते. उत्तेजनार्थचं प्रमाणपत्र राणीनं घेतलं.

पुढच्या आठवड्यात बरंच बोलून झालं. एका जुन्या सहकाऱ्यानं व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात लिहिलं की मगदूमांना म्हातारचळ लागलाय, शुद्ध मराठीची बाजू घ्यायची तिथं माफी मागतात. सर जिथं शिकवायला जायचे त्या शिकवणीवर्गानं त्यांचे व्याकरणाचे तास परस्पर दुसऱ्याला दिले. अमृतनं फोन करून चाचरत सांगितलं की पुढच्या वर्षी मंडळ नवे परीक्षक बघतंय. सर म्हणाले, "बरोबर आहे. मीच सांगितलं होतं."

बुधवारी प्राचीचा फोन आला.

"सर, एक विचारू? माझं काम खरंच बरं होतं का?"

सरांना खोटं बोलणं सोपं होतं. "तुझं बरं होतं, बाळ. तिचं मोठं होतं."

मग प्राची म्हणाली, "मी विंगेतून बघत होते. मलाही तसंच वाटलं होतं." आणि थोड्या वेळानं, "पण तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत त्याचा मला राग आला, सर. अजून आहे."

"असू दे," सर म्हणाले. "तुझा हक्क आहे."

शुक्रवारी ते आणि राजमतीबाई एसटीनं विटा, मायणी करत वडूजला गेले. आपण गेलो नाही तर लोकांसमोर बोललेलं सगळं फक्त भाषण होईल, असं सरांना वाटत होतं. स्टँडवर राणी आली होती. वस्ती गावापासून दोन कोसांवर, माळावर. पाऊस बेताचाच झालेला, गवत घोट्याएवढं. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं काट्यांचं कुंपण घातलेला मेंढरांचा वाडा. रंगुबाई उंबऱ्याशी बसून एका लंगडणाऱ्या कोकराच्या पायाला हळद लावत होती.

"या. बसा," तिनं वर न पाहता म्हटलं.

सर बसले नाहीत. एसटीत तीन तास जुळवलेलं वाक्य त्यांनी उभ्यानंच म्हणून टाकलं. "रंगुबाई, मी तुमच्यावर अन्याय केला. त्याची क्षमा मागायला आलोय."

"बगितलं फोनात. राणीनं चारदा दावलं. लय बोललासा."

"ते लोकांपुढं होतं. तुमच्या तोंडावर सांगायचं राहिलं होतं."

रंगुबाईनं कोकरू सोडलं. ते तीन पायांवर उड्या मारत आईकडं गेलं. हात पदराला पुसत ती म्हणाली, "गुरुजी, मला ती गुनं-बिनं कळत न्हाईत. राणी रडली. मी न्हाई रडले. पर एक इचारू?"

"विचारा."

"तुमी वर का बगितलं न्हाई?"

सर गोंधळले.

"आमाला तिथनं म्होरं काळोखच दिसतोय. मानसं दिसत न्हाईत. पर तुमच्या टेबलावर दिवा हुता न्हवं? त्याच्याखाली तुमचं टक्कल दिसत हुतं. समदा खेळ हुईस्तवर टक्कलच. म्हनलं ह्यो मानूस आता बगंल, मग बगंल. शेवटाला मी म्हनलं, एकडाव माज्याकडं बगा तरी. ते पंचास्नी न्हाई म्हनलं. तुमास्नी म्हनलं."

राजमतीबाई 'टक्कल' ऐकून खुदकन हसल्या होत्या. शेवटचं वाक्य ऐकून त्यांचं हसू थांबलं.

सर उंबऱ्याजवळच्या दगडावर टेकले. राजमतीबाईंनीच सांगितलं. परक्या दारात, परक्या माणसांसमोर, त्या सरळ बोलायला लागल्या.

"बगायचं भ्या वाटलं आसंल त्यास्नी. आमच्या सासूबाई हुबेहूब अशाच बोलायच्या. तुमचा आवाज ऐकला आन् मला वाटलं, आत्याबाईच उभ्या हायत."

सर मातीकडं पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "व्हय." आणि मग, "एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनाला आई आली होती. मी तिला मागं बसवलं. म्हणालो, कुणाशी बोलू नको. ती शेवटपर्यंत कुणाशी बोलली नाही. घरी आल्यावर मला म्हणाली, लय छान केलंस नाटक."

वाड्यातली मेंढरं खुडबुडत होती. रंगुबाई उठली, आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि सरांपुढं धरला. "घ्या. उन्हातनं आलायसा." तिनं माफ केलं असं काही म्हटलं नाही. सरांनीही पुन्हा विचारलं नाही. तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि या वेळी तिच्याकडं बघून घेतला. तिच्या उजव्या भुवईवर जुन्या जखमेचा एक वण होता. पहिल्या रांगेतूनही तो दिसला असता.

त्यानंतर बोलणं दोघी बायकांचंच झालं. राजमतीबाईंच्या माहेरी, समडोळीला, दरवर्षी रानात मेंढरं बसवायचे. खतासाठी. त्या धनगरांच्या बायकांबरोबर त्या लहानपणी भाकऱ्या थापायला बसायच्या. रंगुबाई विचारत होती, कुणाची मेंढरं, कुठल्या गावची, बाईचं नाव काय, आणि दोघींना कुणीतरी एक ओळखीची सुलाबाई सापडली, जिच्या नवऱ्याला फार शिंका यायच्या. त्यावरून दोघी इतक्या हसल्या की राणी आतून बाहेर आली. सर बाजूला बसून ऐकत होते. राजमती बोलताना हात किती हलवते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. नाकातली मोरणी हसताना कशी थरथरते, तेही.

"दिवाळी झाली की आमी खाली उतरतो," रंगुबाई म्हणाली. "कृष्णाकाठाला. औंदा कुनाच्या रानात, ते ठरायचंय."

"आमच्या रानात बसवा की," राजमतीबाई म्हणाल्या. "आन् तिथंच त्यो खेळ बी करा. आमच्या गल्लीतल्या बायका येत्याल समद्या. मी गोळा करतो." मग त्यांनी सरांकडं पाहिलं. विचारायला नव्हे, नुसतंच सांगायला.

"तिथं परीक्षक नसावा," सर म्हणाले.

"नसंल," रंगुबाई म्हणाली. "तुमी म्होरं बसा मातूर. अन् दिवा इजवून."

उन्हं कलायला लागली तशी राजमतीबाई उठल्या. शेवटची एसटी गाठायची होती. रंगुबाईनं हात धरून बसवलं. जेवल्याबिगर जायचं नाही. राजमतीबाईंनी संकोचानं सांगितलं, आम्ही जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही, कांदा-लसूणही चालत नाही. रंगुबाईनं सूर्याकडं पाहिलं आणि राणीला हाक मारली. "राणी, चूल पेटीव. दिस बुडायच्या आत पावन्यांचं जेवान झालं पायजे. खोबऱ्याची चटणी वाट, लसूण घालू नगंस. आन् शेळीचं दूध काड."

मग तिघींची चौघींएवढी धांदल उडाली. राजमतीबाईंनी न सांगता परात ओढली. तीन दगडांच्या चुलीवर भाकरी फुगत होती, राणी चटणी वाटता वाटता दर दोन मिनिटांनी बाहेर येऊन ऊन बघत होती, आणि मेंढरं कुंपणापलीकडून सगळ्याकडं पाहत होती. सूर्य माळाच्या टेकाडापासून चांगला हातभर वर असतानाच ताटं पुढं आली. शेळीच्या दुधात कुस्करलेली बाजरीची भाकरी, तिखटजाळ चटणी.

सर खाली मांडी घालून बसले. अर्ध्या जेवणात ते म्हणाले, "आजून येक भाकर हाय का?"

राजमतीबाईंनी त्यांच्याकडं एकदा पाहिलं, तव्यावरची गरम भाकरी उचलली, मधोमध मोडली आणि मोठा तुकडा त्यांच्या ताटात टाकला.

"खावा," त्या म्हणाल्या. "दिस हाय अजून."